बर्फ जमेपर्यंत

डहाणूला स्टेशनजवळच्या बाजारात इलेक्ट्रॉनिक्सचं एक दुकान होतं. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, पंखे, इस्त्र्या, सगळं मिळायचं. तिथे मी २०१४ साली कामाला लागले आणि २०१९ ला दुकान बंद झालं तेव्हाच घरी आले. कंपनीची माणसं यायची ती मला 'सेल्सगर्ल' म्हणायची. चाळिशीला टेकलेली, दोन पोरांची आई मी, आणि म्हणे गर्ल! पाड्यांवरच्या लोकांनी त्यापेक्षा बरं नाव ठेवलं होतं. बर्फवाली बाई.

नाव उगाच नव्हतं पडलं. आमच्या शेठचा एक नियम होता. फ्रिज विकला की दुकानाचं एक माणूस टेम्पोतून त्याच्यासोबत जायचं आणि पहिला बर्फ जमेपर्यंत त्या घरी बसून राहायचं. पूर्वी म्हणे लोक फ्रिज घरी न्यायचे, पोचल्या पोचल्या बटण दाबायचे, अर्ध्या तासाने आत हात घालून बघायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच टेम्पो करून परत यायचे. "शेठ, गार होत नाय." एका बाईने तर चुलीवरून उतरवलेलं भाताचं टोप वाफाळतंच आत ठेवलं होतं, आणि वर शेठलाच दम दिला, तुमच्या मशीनला ताप आलाय म्हणून. तेव्हापासून हा नियम. मी यायच्या आधी कुणी ना कुणी पुरुष जायचा. पण बायामाणसांशी बोलायचं म्हणजे बाईच बरी, असं शेठला वाटलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

गळ्यात पडलं म्हणते, पण मला ते काम मनापासून आवडायचं. फ्रिज उतरवून आधी तासभर नुसता उभा ठेवायचा. मग स्टॅबिलायझर लावून चालू करायचा. बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी भरायचं ते त्याच घरचं, त्यांच्याच हंड्यातलं. शेठ बजावून सांगायचे, "आपली बाटली न्यायची नाही. त्यांचं पाणी, त्यांचा बर्फ." मग बसायचं. बर्फ जमला की पहिला तुकडा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातावर ठेवायचा. आजोबा नाहीतर आजी "आयोव!" करून तुकडा या हातातून त्या हातात नाचवायची आणि अख्खं घर हसायचं. मग सगळ्यांना वाटायचा, एक आपण खायचा आणि निघायचं. लग्नात नवरीबरोबर करवली जाते ना, तशी मी फ्रिजबरोबर जायची.

त्या बसण्यात काय काय ऐकलंय! जेवणवेळेपासून चहाच्या वेळेपर्यंत परक्या घरात बसलं की माणसं किती वेळ गप्प राहणार? सासू पुढच्या पडवीत सुनेबद्दल सांगायची, सून मागच्या पडवीत सासूबद्दल. पाण्याचा बर्फ होईपर्यंत माझ्या डोक्याचं पाणी व्हायचं. पण निघताना दोघी मिळून हातात भाजी द्यायच्या, कुणी चिकू द्यायचं, कुणी सुकटाची पुडी. माझ्या घरी त्या पाच वर्षांत भाजी विकत कमीच आली असेल.

दुकानाची आठवण आली की आधी वास येतो. नवा थर्माकोल, खोक्यांचा पुठ्ठा, आणि शेठने सकाळी लावलेली अगरबत्ती. समोरच्या भिंतीवर ओळीने टीव्ही, सगळ्यांवर एकच मालिका. एका टीव्हीत नायिका गोरी, दुसऱ्यात हिरवट, तिसऱ्यात तिला कावीळ झालेली. क्रिकेट असलं की काचेबाहेर गर्दी. छताला पंख्यांची रांग, आणि मे महिन्यात लोक मुद्दाम 'पंखे बघायला' यायचे. पंख्यांखालच्या बाकड्यावर टेकायचे, घाम सुकेपर्यंत बसायचे, "विचार करून सांगतो" म्हणून निघून जायचे. मी चिडायची. शेठ म्हणायचे, "बेन, वारा खाऊ दे. वाऱ्याला काय मीटर आहे?" मी म्हणायची, "आहे शेठ, दर महिन्याला बिल येतं त्याचं." शेठ हसायचे. गुजराती माणूस, पण मराठी आमच्यासारखंच बोलायचे. बाईमाणूस म्हणून कुणी दिसलं की 'बेन', मग ती मी असो की तहसीलदारीण.

गिऱ्हाइकं तरी किती तऱ्हांची! खाडीकडची एक मासेवाली फ्रिज बघायला आली. सगळे कप्पे उघडून बघितले, दार दहादा लावून बघितलं, आणि मग हळूच विचारते, "बोंबलाचा वास लागंल काय गो?" मी म्हटलं, "मावशी, फ्रिज आहे, देवघर नाही. लागणारच." तिला माझं उत्तर इतकं पटलं की तिथल्या तिथे फ्रिज नक्की केला. खाऱ्या वाऱ्याने खालचा पत्रा गंजतो म्हणून तिच्या नवऱ्याने होडीला लावून उरलेला निळा रंग फ्रिजच्या बुडाला फासला. तो फ्रिज असा टिकला की पुढे किनाऱ्यावरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना मी तेच सांगू लागले, की होडीबरोबर फ्रिजलाही हात मारून घ्या.

आणि बोर्डीकडचा तो वाडीवाला! वॉशिंग मशीन घेऊन गेला आणि महिन्याभरात तक्रार, पाणीच जात नाही. मेकॅनिक जाऊन बघतो तर मशीनमध्ये चिकू. झाडावरून काढलेल्या चिकूला भुकटी असते, ती धुवावी लागते. या पठ्ठ्याने बायकोसाठी म्हणून घेतलेल्या मशीनमध्ये चिकूच्या टोपल्या ओतल्या होत्या. मेकॅनिकने पाइपातून सगळा गाळ काढला. शेठने वाडीवाल्याला विचारलं, "अहो, आणि कपडे?" तो म्हणाला, "ते ती हातानेच धुते. तिला मशीनवर भरवसा नाय." त्या दिवशी आम्ही दुकानात डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

एवढ्या घरांत मी बर्फ जमवला, पण माझ्या स्वतःच्या आईच्या घरी फ्रिज नव्हता. आई वेवजीला राहायची, एकटी. बाबा जाऊन वर्षं झाली होती. तिला साखरेचा आजार, आणि तलासरीच्या डॉक्टरांनी सुई सुरू केली होती. ते औषध गार ठेवावं लागतं. आई ते ठेवायची रस्त्यावरच्या किराणा दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या फ्रिजमध्ये, बाटल्यांच्या मागे. रोज सकाळी चालत जायची, तिथेच दुकानदाराच्या बायकोकडून सुई टोचून घ्यायची, चालत परत यायची. दुकान बंद असलं की सुईचा खाडा. एकदा दुकानदार लग्नाला गावाला गेला आणि आई घरात चक्कर येऊन पडली. शेजारणीने फोन केला तेव्हा मी हातातलं काम टाकून वेवजीला धावले.

त्यानंतर मी आईच्या मागेच लागले. फ्रिज घेऊ या. आई म्हणायची, "घे. पण तुझ्या त्या दुकानातून नको."

का, ते मला चांगलं माहीत होतं. मी शाळेत होते तेव्हा बाबांनी टीव्ही घेतला होता, काळापांढरा. आमच्या पाड्यावरचा पहिला. तो याच दुकानातून आणला होता. तेव्हाचे शेठ म्हणजे आमच्या शेठचे वडील. टीव्ही पोचवायला आणि गच्चीइतक्या उंच खांबावर अँटेना चढवायला आले होते आमचे शेठ, तेव्हा तरुण, दोन कामगार घेऊन. उन्हातान्हाचे आले म्हणून आईने पितळेचा लोटा राखेने लख्ख घासला आणि पाणी घेऊन पुढे झाली. शेठ म्हणाले, "नको नको, आत्ताच प्यालो." आणि अँटेना लावून झाल्यावर टेम्पोजवळ गेले, स्वतःचा थर्मास काढला आणि घटाघट पाणी प्याले. आईने दारातून बघितलं. तो लोटा तिच्या हातातच होता.

बाबा म्हणाले, "जाऊ दे ना, शेठ लोक आहेत." पण तो टीव्ही घरात होता तितकी वर्षं आई कधी त्याच्यासमोर बसली नाही. पाड्यावरची सगळी माणसं आमच्या ओटीवर दाटीने बसायची आणि आई टीव्हीकडे पाठ करून तांदूळ निवडायची. ऐकायची मात्र सगळं. दुसऱ्या दिवशी कुणी भाग चुकवला असेल तर गोष्ट तीच सांगायची. लोटा फळीवर वर गेला तो परत खाली आला नाही.

मी या दुकानात कामाला लागले तेव्हा तिने एवढंच म्हटलं होतं, "पोटासाठी जातेस, जा. पण ज्यांनी आपल्या घरचं पाणी घेतलं नाय, त्यांची वस्तू माझ्या घरात नको."

"अगं, किती जुनी गोष्ट ती! आता तसं नाही. आम्ही सगळे एकाच टपरीचा चहा पितो."

"चहा टपरीचा. पाणी माझ्या घरचं होतं."

"वापीहून आण, तलासरीहून आण, कुठूनपण आण," म्हणायची. पण मीही तिचीच लेक. खाण तशी माती. अर्ध्या तालुक्याला मी ज्या दुकानाच्या शपथा घेऊन फ्रिज विकते, त्या दुकानाचा फ्रिज माझ्या आईच्या घरी नाही, हे तोंड मी कुणाला दाखवू? आणि खरं सांगायचं तर मला शेठही आवडत होते आणि आईही. दोघांपैकी कुणालाही खोटं पाडणं माझ्या जिवावर यायचं. मी हट्ट सोडला नाही, तिने सोडला नाही, आणि औषध बाटल्यांच्या मागेच राहिलं.

शेठना मी यातलं काही बोलले नव्हते. पाच वर्षांत त्यांना कुठल्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलेलं मी बघितलंच नव्हतं. गुडघे दुखायचे त्यांचे. घरून पाण्याची बाटली यायची, गल्ल्यापाशी ठेवलेली असायची. त्या बाटलीकडे बघितलं की मला आईचा लोटा आठवायचा, आणि मी मान फिरवून कुठल्यातरी मिक्सरवरची धूळ पुसायला घ्यायची.

मग दुकानाचे दिवस भरत आले. लोक यायचे, माझ्याकडून सगळं समजून घ्यायचे, दारं उघडून बघायचे आणि बाहेर जाऊन मोबाइलवर मागवायचे. चारोटीला हायवेवर काचेचं मोठं शोरूम झालं. तिथे एसीची हवा, टाय लावलेली पोरं, पण फ्रिजबरोबर कुणी घरी जात नाही; खोकं ओट्यावर ठेवतात, सही घेतात आणि पळतात. शेठचा मुलगा सुरतेला, त्याला दुकानात रस नव्हता. शेठने एका सकाळी आम्हाला बसवून सांगितलं की मे महिन्यात बंद करतोय. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण शेठ तसे शांत होते. म्हणाले, "खूप बर्फ जमवला आपण. बस झालं."

माल निघत गेला. भिंतीवरचे टीव्ही उतरले तिथे चौकोनी डाग राहिले. शेवटी एक फ्रिज उरला, एका दाराचा, मरून रंगाचा, दारावर फुलं. शेठ मला म्हणाले, "बेन, हा तुला. माझ्याकडून. नाही म्हणायचं नाही."

मी म्हटलं, "मग आईकडे पाठवते, वेवजीला."

"चालेल ना. आणि ऐक, या वेळी मी येतो. शेवटचा बर्फ मला बघायचाय."

घरी जाऊन आईला फोन केला. फ्रिज आणतेय, दुकानातलाच आणतेय, आणि शेठ स्वतः येतायत, असं एका दमात सांगून टाकलं. ती म्हणाली, "आण. ज्या टेम्पोतून आणशील त्याच टेम्पोतून परत नेशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. टेम्पोवाला आमचा नेहमीचा, तोंडाने सतत शीळ. मध्ये शेठ, कडेला मी, शेठच्या पायाशी पिशवीत ती बाटली. बोर्डीपर्यंत समुद्राचा वारा होता तोवर बरं. पुढे आत वळलो आणि भट्टी सुरू झाली. सांगावं का यांना? की शेठ, माझी आई पाणी देईल, ते घ्या. नाही घेतलंत तर फ्रिज परत येईल आणि तिची सुई परत बाटल्यांमागे जाईल. दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मागून घेतलेला मान कसला मान? आणि आईला ते कळल्याशिवाय राहिलं नसतं, तिला माझ्या तोंडावरून सगळं कळतं. गप्प बसले. शेठ खिडकीबाहेरच्या वाड्या बघत होते, चिकूच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होते. मी हूं हूं करत होते.

पोचलो. आई दारात उभी, पदर खोचलेला. टेम्पोवाल्याने फ्रिज उतरवून ओटीवर ठेवला तशी ती त्याला म्हणाली, "गाडी चिंचेखाली लाव. जाऊ नको. परत न्यायचाय." त्याने माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे बघितलं.

शेठ अंगणात थांबले होते. त्यांची नजर कोपऱ्यातल्या लोखंडी खांबावर. त्यावर आईने दुधीचा वेल चढवला होता. "हा खांब आपला," ते म्हणाले. "यावर अँटेना मी चढवलेली." आईने खुर्ची तेवढी पुढे सरकवली.

मी फ्रिज सरळ केला, थांबवला, मग चालू केला. ट्रेमध्ये आईच्या हंड्यातलं पाणी भरलं. आणि मग सुरू झालं बसणं. असं बसणं माझ्या अख्ख्या नोकरीत मी बसले नसेन. आईने आतून पाणी आणलं. एक पेला मला दिला. एक टेम्पोवाल्याला. शेठच्या खुर्चीला वळसा घालून आत निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेठ रुमालाने मान पुसत होते.

थोड्या वेळाने लाइट गेली. घ्या! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. फ्रिज गप्प, पंखा गप्प, आई तर गप्प होतीच. शेठच्या सदऱ्याला पाठीवर घामाचा मोठा डाग. टेम्पोवाल्याला बिचाऱ्याला काय माहीत? तो गाडीतून पिशवी घेऊन आला. "शेठ, तुमची बाटली. गाडीतच राहिली."

आई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला तो मी बघितला.

शेठ म्हणाले, "राहू दे गाडीतच."

"अहो, घसा सुकला असेल."

"सुकू दे. ठेव तिथेच."

तो बाटली घेऊन परत गेला. आई भाकरी थापू लागली, पण मला दिसत होतं, तिचं लक्ष भाकरीत नव्हतं. एक भाकरी करपली. माझ्या आईची भाकरी करपलेली मी त्याआधी कधी बघितली नाही.

लाइट आली. फ्रिज गुरगुरला. ऊन कलंडलं तरी शेठ हलले नाहीत. गुडघा चोळत बसले होते. मी मध्येमध्ये दार किलकिलं करून बघत होते. पाण्यावर आधी साय आल्यासारखी पातळ कड धरली, मग मधोमध पांढरं झालं. शेवटी ट्रे बाहेर काढला, उलटा करून ठोकला, आणि ताटलीत तुकडे पडले.

नियमाप्रमाणे पहिला तुकडा आईच्या तळहातावर ठेवला. तिने तो नाचवला नाही, "आयोव" केलं नाही. मूठ मिटून उभी राहिली. बोटांमधून पाणी गळत होतं.

शेठ म्हणाले, "बेन, दुपारपासून बसलोय तुमच्या घरी. तुम्ही पाणी विचारलं नाही."

आई त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, "मागे एकदा विचारलं होतं."

मी डोळेच मिटून घेतले. बाहेर टेम्पोवाल्याची शीळ चालू होती, तेवढाच आवाज.

"हो," शेठ म्हणाले. "पितळेचा लोटा होता."

मी डोळे उघडले. आईच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं की तो राग होता की रडू, मला आजही सांगता येणार नाही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ती गोष्ट फक्त तिच्या एकटीच्या लक्षात आहे.

"बापाचा हुकूम होता तेव्हा," शेठ म्हणाले. "कुणाच्या घरचं घ्यायचं नाही."

"बाप जाऊनपण वर्षं झाली असतील."

"झाली. चुकलंच माझं, बेन. तेव्हापण तहान लागलेली होती."

आई आत गेली. फळीवर चढून तिने लोटा काढला. काळा पडला होता. चुलीतली राख घेऊन मोरीत बसली आणि घासू लागली, आणि घाई मुळीच केली नाही. बाहेर एक माणूस दुपारपासून तहानलेला बसलाय, याचं तिला काहीही नव्हतं. आतून बाहेरून, काठाखालची खाच, सगळं घासलं. मग हंड्यातलं पाणी भरलं, मुठीतला तो विरघळत आलेला तुकडा त्यात टाकला, आणि ओटीवर येऊन लोटा शेठपुढे धरला.

शेठने दोन्ही हातांनी घेतला. आमच्याकडे लोटा वरून धरून पितात. शेठने तोंड लावलं आणि घटाघट प्याले, पार तळ दिसेपर्यंत. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. रिकामा लोटा पुढे करून म्हणाले, "अजून आहे?"

आईने अजून दिलं. मग पायात चपला घातल्या आणि रस्त्याकडे चालू लागली. मला कळेना, कुठे निघाली ही. शेठ आणि मी बर्फ खात बसलो. करपलेल्या भाकरीचा तुकडाही मोडला त्यांनी, मीठ-मिरचीबरोबर. म्हणाले, छान झालीय. झाली नव्हती.

आई परत आली तेव्हा अंधारायला आलं होतं. टेम्पोवाला कंटाळून हात झटकत अंगणात आला. "काकी, मग चढवू काय फ्रिज? रस्ता लांबचा आहे."

आईने कमरेची पिशवी सोडली, त्यातली पुडी काढली, फ्रिजचं फुलांचं दार उघडलं आणि पुडी वरच्या कप्प्यात नीट आडवी ठेवली. दार लावलं. लागलंय का ते एकदा हाताने दाबून बघितलं.

"आता कुठे नेतोस?" ती म्हणाली. "माझी सुई आहे त्यात."